इंग्रजीची मूलभूत शब्दसंपदा

इंग्रजी नव्याने शिकणाऱ्याला आधी कोणते शब्द शिकवायचे, हे ठरवून निवडलेला शब्दसंच. अशा अनेक याद्या झाल्या. त्यांतली सर्वांत प्रभावी ठरली ती मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेली, सुमारे दोन हजार शब्दांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’. मोठ्या कोशांमध्ये इंग्रजीचे लाखो शब्द नोंदलेले असले, तरी कोणताही सर्वसाधारण इंग्रजी मजकूर घेतला तर त्यातल्या दर शंभर शब्दांपैकी ऐंशीच्या आसपास शब्द या दोन हजारांतलेच निघतात. थोडक्या शब्दांनी भाषेचा एवढा मोठा भाग व्यापला जातो, म्हणूनच निवडीला महत्त्व आहे.

बंगालमधला प्रश्न

या यादीमागचा विचार भारतात घडला. वेस्ट (१८८८–१९७३) भारतीय शिक्षण सेवेत होते आणि ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालमधली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकत आणि बरीचशी मुले अभ्यासक्रम पुरा होण्याआधीच शाळा सोडत. पुढच्या इयत्तांत उपयोगी पडेल म्हणून जे शिकवले जाई, ते या मुलांच्या काहीच कामाचे नसे. वेस्ट यांनी १९२६ मध्ये बंगालमधील द्विभाषिकतेवर लिहिताना विम्यातली संज्ञा वापरली : सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच बंद केली तर हातात किती पडते, तसे मुलाने दोन-तीन वर्षांत इंग्रजी सोडले तर त्याच्यापाशी काय उरते? शब्दनिवडीच्या संपूर्ण शास्त्रात यापेक्षा मोलाचा प्रश्न कोणी विचारलेला नाही. अभ्यासक्रम नेहमी शेवटपर्यंत टिकणाऱ्या विद्यार्थ्याकडे बघून आखले जातात. वेस्ट यांनी गळणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहिले.

त्यांचे उत्तर होते वाचन. बंगाली मुलाला इंग्रजी बोलण्याची वेळ क्वचित येईल, वाचण्याची मात्र येईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्या काळच्या वाचनपुस्तकांत नवे शब्द दाटीवाटीने येत आणि त्यांतले कित्येक पुस्तकी किंवा जुनाट असत. वेस्ट यांनी अशा शब्दांच्या जागी नेहमीच्या वापरातले शब्द घातले, नवे शब्द विरळ पेरले आणि एकदा आलेला शब्द पुढे पुन्हा पुन्हा येईल असे पाहिले. आज सोप्या इंग्रजीत मिळणारी श्रेणीबद्ध गोष्टींची पुस्तके याच वाटेने पुढे आली.

मोजणी आणि निवड

अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२१ मध्ये दहा हजार शब्दांची वारंवारतेची यादी काढली होती. तिच्यासाठी चाळीस लाखांहून अधिक शब्दांचा मजकूर हाताने मोजला गेला. मात्र त्यात बायबल आणि अभिजात साहित्याचा वाटा फार मोठा होता, त्यामुळे घरातल्या-बाजारातल्या भाषेला त्या मोजणीत न्याय मिळाला नाही. जपानमध्ये हॅरल्ड पामर याच कामात होते. कार्नेगी कॉर्पोरेशनच्या मदतीने १९३४ मध्ये न्यूयॉर्कला आणि १९३५ मध्ये लंडनला या अभ्यासकांच्या बैठका झाल्या, १९३६ मध्ये अंतरिम अहवाल निघाला आणि युद्धानंतर वेस्ट यांनी त्याला अंतिम रूप दिले.

केवळ मोजणीवर वेस्ट थांबले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. शब्द शिकायला किती सोपा, त्याच्यावाचून अडते का, त्याच अर्थाचा दुसरा शब्द आधीच यादीत आहे का, तो फार भावनिक किंवा फार अलंकारिक तर नाही ना, याही कसोट्या त्यांनी लावल्या. शिवाय एका शब्दाचे जे अनेक अर्थ असतात, त्यांतला कोणता किती वेळा येतो हेही यादीत दिले. शिक्षकासाठी हा भाग सोन्यासारखा होता. कोणता अर्थ आज शिकवायचा आणि कोणता पुढे ढकलायचा हे त्यावरून कळे.

बेसिक इंग्लिशशी तुलना

याच सुमारास चार्ल्स ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली. तिच्यात क्रियापदे जेमतेम अठरा. विन्स्टन चर्चिल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिचा जाहीर पुरस्कार केला होता. परंतु शब्दांची संख्या कमी केली की भाषा सोपी होते, हा समज फसवा आहे. ‘एंटर’ टाळून ‘गो इन’ म्हणता येते, ‘सरेंडर’ टाळून ‘गिव्ह अप’. शिकणाऱ्याला ‘गिव्ह’ही ठाऊक आणि ‘अप’ही ठाऊक, पण दोन्ही एकत्र आल्यावर ‘हार मानणे’ हा अर्थ कसा निघाला हे त्याला कळत नाही. ‘पुट ऑफ’, ‘गेट ओव्हर’, ‘टेक आफ्टर’ यांचीही तीच गत. यादीतला आकडा खाली येतो, शिकण्याचा भार मात्र तसाच राहतो, फक्त मोजला जात नाही. बेसिक इंग्लिश शाळांमध्ये रुजली नाही, याचे एक कारण इथे आहे.

मराठी भाषकाच्या दृष्टीने

यादीतली बरीच नामे मराठी माणसाला न शिकताच येतात : टेबल, पेन, स्टेशन, बँक, डॉक्टर, बाटलीचे ‘बॉटल’ आणि तिकिटाचे ‘टिकेट’. खरी अडचण अगदी छोट्या शब्दांची. १९६०च्या दशकात ब्राऊन विद्यापीठात दहा लाख शब्दांचा भाषासंग्रह तयार झाला, त्यात दर शंभर शब्दांमध्ये सुमारे सात वेळा ‘द’ आला. इंग्रजीत सर्वाधिक येणारा हा शब्द, आणि मराठीत त्याला जोडच नाही. ‘इन’, ‘ऑन’, ‘अॅट’ यांचे काम मराठीत पुष्कळदा ‘-त’ आणि ‘-वर’ हे दोघेच उरकतात. ‘हॅव’ तर एकाच वेळी मालकीही सांगते आणि काळही. म्हणून मराठी मुलांसाठी शब्दसूची वापरताना ती जशीच्या तशी वाटून घेणे पुरेसे नाही. नामांना कमी तास आणि या बारीक शब्दांना, तेही सुट्या शब्दार्थांऐवजी पूर्ण वाक्यांतून, भरपूर तास, अशी मांडणी करावी लागते. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हापासून ही निकड वाढली आहे.

पुढील वाटचाल

वेस्ट यांच्या यादीत ‘टेलिग्राफ’ आहे, ‘कॉम्प्युटर’ नाही. ती जुनी झाली हे उघड आहे. २०१३ मध्ये संगणकीय भाषासंग्रहांच्या आधारे दोन वेगवेगळ्या गटांनी तिच्या नव्या आवृत्त्या काढल्या. त्याआधी २००० मध्ये अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय वाचनासाठी ५७० शब्दकुळांची (मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कूळ) पूरक यादी दिली होती. सोप्या शब्दांत अर्थ सांगणारे कोशही याच परंपरेतले : लाँगमनच्या १९७८ च्या कोशात जवळजवळ सर्व व्याख्या सुमारे दोन हजार शब्दांत बसवल्या आहेत. मजकुरातल्या उरलेल्या वीस टक्के शब्दांचा प्रश्न मात्र यादीने सुटत नाही. वर्तमानपत्र किंवा कादंबरी विनासायास वाचायची तर आठ-नऊ हजार शब्दकुळे लागतात, असा शब्दसंपदेचे अभ्यासक पॉल नेशन यांचा हिशेब आहे. तिथवर पोहोचायला वाचनच करावे लागते.