अनुभवाच्या आधी आणि नंतर : आमच्याकडे येणाऱ्यांसाठी माहिती

सायकेडेलिक, म्हणजे मन आणि जाणिवा काही तासांसाठी बदलून टाकणाऱ्या पदार्थांचा, अनुभव घेण्याचा विचार करणारे आमच्याकडे येतात, तसेच तो घेऊन आलेले आणि आता त्याचं काय करायचं हे न कळणारेही येतात. दोघांनाही पहिल्याच भेटीत सांगतो : आम्ही कोणताही पदार्थ देत नाही, तो कुठे मिळेल हेही सांगत नाही. आमचं काम त्या दिवसाच्या आधीचं आणि नंतरचं.

बहुतेक देशांत हे पदार्थ कायद्याने बंद आहेत. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून खास परवानगी मिळालेले मनोविकारतज्ज्ञ, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन (काही अळिंब्यांमधला पदार्थ) आणि पीटीएसडीसाठी (मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) एमडीएमए (‘एक्स्टसी’ नावाने ओळखला जाणारा पदार्थ) लिहून देऊ शकतात. उलट अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमए उपचाराला मंजुरी नाकारली. तेव्हा कुणी खात्रीचा इलाज म्हणून सांगत असेल, तर सावध राहा.

तयारीत सर्वांत आधी तब्येतीची चौकशी, आणि ती आम्ही खोदून खोदून करतो. तुम्हाला किंवा घरात कुणाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा सायकोसिसचा (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचा) त्रास झालाय का? रक्तदाब, हृदयाचा आजार, फिट्स? लिथियम (बायपोलरवरचं औषध) चालू असताना सायलोसायबिन किंवा एलएसडी घेतल्यावर फिट्स आल्याच्या नोंदी आहेत. नैराश्यावरच्या अनेक गोळ्यांसोबत आयाहुआस्का (दक्षिण अमेरिकेतल्या वनस्पतींचा सायकेडेलिक काढा) जिवावर बेतू शकतं. म्हणून ‘आठवडाभर गोळ्या बंद ठेवतो’ असं परस्पर ठरवू नका. अचानक गोळ्या थांबवण्याचाही त्रास होतो. हा निर्णय गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांसोबतच घ्यायचा. काहींना आम्ही स्पष्ट ‘घेऊ नका’ म्हणतो. समोरचा नाराज झाला तरी म्हणतो.

मग एक कोरा कागद देतो. त्यावर बहुतेकजण लिहितात, ‘मला बरं व्हायचंय.’ या एका वाक्यावर कधीकधी अख्खी भेट जाते. बरं म्हणजे काय? सकाळी उठल्यावर काय वेगळं असेल? बोलता बोलता कागदावर खाली दुसरी ओळ येते : ‘आईचा फोन आला की छातीत धस्स होऊ नये.’ ही ओळ हातात धरता येते. नंतरच्या भेटींत आम्ही तिच्याकडेच परत येतो.

सोबत कोण बसणार, तेही आधीच विचारून घ्या. सायलोसायबिनचा अंमल साधारण चार ते सहा तास राहतो, एलएसडीचा बारा तासांपर्यंतही. त्या वेळात माणूस अगदी उघडा पडलेला असतो, दुसऱ्याचं म्हणणं पटकन खरं वाटतं. हात धरलेला चालेल का, खांद्यावर ठेवलेला चालेल का, हे शुद्धीत असतानाच ठरवायचं. अंमलाखाली दिलेला नवा होकार धरायचा नाही. हे ज्याला पटत नाही, त्याच्यासोबत बसू नका.

खरं काम नंतरचं. त्याच संध्याकाळी, जमेल तेव्हा, आठवेल ते तुटक तुटक का होईना फोनवर बोलून ठेवा. अर्थ लावू नका. दोन-तीन दिवसांत आमच्याकडे या. नोकरी सोडणं, नातं तोडणं, मोठी रक्कम देऊन टाकणं, असे निर्णय काही आठवडे लांबणीवर टाका. त्या दिवशी अगदी लख्ख वाटलेलं महिनाभरानेही तसंच वाटलं, तर तेव्हा बोलू. अनुभवात एखादी जुनी घटना ‘दिसली’ म्हणून ती तशीच घडली असेल असं नाही. ती खरी की खोटी, याचा निवाडा आम्ही करत नाही. त्या दिसण्याने आज तुमच्या मनात काय हललं, यावर मात्र थांबून काम करतो. भीतीत गेलेला अनुभव वाया गेला असंही समजू नका, फक्त त्याला वेळ जास्त लागतो.

सलग दोन-तीन रात्री झोप नसेल, कुणी मागावर आहे असं वाटत असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर आमच्या भेटीची वाट न पाहता तातडीने डॉक्टरांकडे जा. डोळ्यांपुढे आकृत्या, वस्तूंमागे रेघा असं आठवडे उलटले तरी दिसत असेल, तर तेही दाखवून घ्या. पुन्हा घेऊन बरं होईल, या आशेवर राहू नका.

पहिल्या भेटीला चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या आणा, आयुर्वेदिकसुद्धा. घरचं कुणी सोबत असलं तरी चालेल; पहिली काही मिनिटं मात्र तुमच्याशी एकट्याने बोलू. अनुभव चार वर्षांपूर्वीचा असेल आणि आजवर कुणाला सांगितला नसेल, तरीही या.