वलगण आणि धरण

मृगाच्या सरी कोसळल्या की कोकणात वलगण लागते. ओढ्यांना गढूळ पाणी उतरतं आणि मळ्या, शिंगटीसारखे मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात, अंडी घालायला, थेट भातखाचरांपर्यंत. वर्षभरात नदीतून किती पाणी गेलं याच्याशी माशांना कर्तव्य नसतं. पाणी एकाएकी गार झालं, गढूळलं, ओढ वाढली, एवढी खूण त्यांना पुरते. मात्र ती वेळेवर मिळायला हवी.

नेमकी तीच धरणामुळे हुकते. उन्हाळाभर गावाशहरांना पाणी पुरवून जूनमध्ये जलाशय तळाला गेलेला असतो. त्यामुळे पाणलोटातला पहिला पाऊस आधी त्याच्या पोटात जातो आणि सांडव्यावरून पाणी पडायला पुढे कितीतरी आठवडे लागतात. कोकणात पाऊस ३,००० मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे वर्षाच्या हिशेबात नदीला काही कमी पडलेलं दिसत नाही. पण विणीचा हंगाम निघून गेलेला असतो. धरणाखाली मिळणारे ओढे-वहाळ हे नुकसान थोडंफार भरून काढतात. धरण खाडीच्या जितकं जवळ, तितके असे ओढे कमी. धरणांवरच्या चर्चेत टीएमसीचे, म्हणजे अब्ज घनफुटांचे, आकडे खूप येतात, वेळेचा विषय क्वचितच निघतो, याचं मला फार वाईट वाटतं.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. इथल्या नद्या आखूड, उताराच्या. मार्च-एप्रिलमध्ये बहुतेक ठिकाणी फक्त कोंड, म्हणजे पात्रातले खोल डोह, उरतात आणि मासे त्यांतच तग धरतात. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे म्हणून राखलेले मासे अशाच खोल पाण्यात जगतात. वरच्या धरणातून झिरपाही आला नाही तर कोंड आटतात, तापतात. खाली खाडीचं खारं पाणी आत सरकतं आणि काठच्या विहिरी मचूळ होतात. नदीत वाढून समुद्रात विणीला जाणाऱ्या अहिरासारख्या माशाची तर दोन्हीकडची वाट अडते.

चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत उलटंच घडतं. कोयना धरणाचं पाणी पोफळीच्या वीजकेंद्रात वीज करून तिच्यात येतं, म्हणून ती भर उन्हाळ्यातही वाहते. पण विजेच्या मागणीप्रमाणे पाणी काही तासांत चढतं आणि उतरतं. उथळ काठावर घातलेली अंडी अशा चढउतारात उघडी पडू शकतात. नुसतं पाणी जास्त आलं म्हणून नदी बरी असते असं नाही.

उंच धरण ओलांडून मासा वर जाणार नाही, हे खरंच. तरी पहिल्या पुराचा काही वाटा दोन-तीन दिवस विमोचकातून, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या दारातून, खाली सोडता येईल. जलाशय भरायला पुढे सगळा पावसाळा असतो. कोल्हापुरी बंधाऱ्यांचं काम याहून सोपं आहे. मृगाआधी बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले की वाट मोकळी. उशीर झाला तर अंड्यांनी भरलेले मासे बंधाऱ्याच्या पायथ्याशी अडकतात आणि तिथेच जाळ्यात जातात.