हॉलसँड्सचे गोटे

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, स्टार्ट पॉइंट या भूशिरावरच्या दीपगृहाच्या थोडं उत्तरेला हॉलसँड्स हे कोळ्यांचं गाव होतं. आज तिथे कड्याखाली दगडी भिंतींचे तुकडे तेवढे दिसतात. २६ जानेवारी १९१७ च्या वादळात गाव गेलं, असं सांगितलं जातं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. गावाच्या नाशाला सुरुवात झाली ती २० वर्षं आधी, भर दिवसा, सरकारी परवान्याने.

१५०६ मध्ये इथे प्रार्थनामंदिर असल्याचं मानतात. वस्ती मात्र पुढे १८व्या-१९व्या शतकांत वाढली. १८९१ मध्ये ३७ घरं, १५९ माणसं, गोड्या पाण्याचा झरा आणि ‘लंडन इन’ नावाचं मद्यगृह, एवढा पसारा. मागे कडा, पुढे समुद्र आणि मधल्या अरुंद खडकाळ पायरीवर घरांची रांग. ही पायरी सलग नव्हती. खडकातल्या घळी वाळू-गोट्यांनी भरून, पुढून भिंत घालून त्यावर घरं उभी केली होती. म्हणजे काही घरांचा पाया खडकावर, तर काहींचा निम्मा भरावावर. पुढे नेमकं हेच नडलं.

पोट भरायचं ते मुख्यतः खेकड्यांवर. जवळच्या स्केरीज नावाच्या वाळूच्या उथळीवर पिंजरे टाकत. वाळुंजाच्या ओल्या फांद्या वाकवून विणलेला हा पिंजरा शाईच्या दौतीच्या आकाराचा असतो. तोंड वर, आत उतरणारं नरसाळं. आमिषाच्या वासाने खेकडा कडेने चढून आत पडतो. परतीच्या वाटेला नरसाळ्याचं तोंड अधांतरी असल्याने त्याला बाहेर येता येत नाही. शिवाय किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळंही होतं. कोकणातल्या माणसाला ही रापणच वाटेल. बंदर नसल्याने होड्या थेट पुळणीवर ओढून घ्यायच्या. लाटा जोरात असल्या की न्यूफाउंडलंड जातीचे शिकवलेले कुत्रे पोहत जाऊन होडीचा दोर तोंडात धरून किनाऱ्यावर आणत.

ही पुळण म्हणजे गावाचं अंगणही आणि तटबंदीही. गोट्यांच्या उतारावर लाट फुटते, पाणी फटींतून मुरतं, परतणारा लोंढा दुबळा पडतो आणि लाटेनेच वर फेकलेले गोटे माथ्यावर साठतात. हे गोटे मुख्यतः चकमकीचे आहेत, आणि इथल्या कड्यांत चकमक सापडतच नाही. हिमयुग संपल्यावर वाढत्या समुद्राने तळावरचा गाळ ढकलत आणून तो इथे टाकला. नवा पुरवठा कुठूनही होत नाही. जे आहे ते मुद्दल. उपसलं की कायमचं गेलं.

१८९० च्या दशकात प्लिमथजवळच्या कीअम इथली नौदलाची गोदी वाढवायचं ठरलं. काँक्रीटला खडी हवी होती. ठेकेदार सर जॉन जॅक्सन यांना हॉलसँड्स ते बीसँड्स दरम्यान उपशाचा परवाना मिळाला आणि १८९७ मध्ये काम सुरू झालं. दिवसाला १,६०० टनांपर्यंत गोटे निघू लागले. गावाने तक्रार केली, चौकशी झाली, धोका नसल्याचा निर्वाळा मिळाला. समुद्र खड्डे पुन्हा भरून काढेल असं गृहीत धरलं होतं. खड्डे भरलेही, पण वरच्या पुळणीवरचे गोटे खाली घसरून.

१९०० च्या शरद ऋतूत संरक्षक भिंतीचा काही भाग पडला. नोव्हेंबरमध्ये गावकऱ्यांनी आपल्या खासदाराकडे अर्ज केला. सप्टेंबर १९०१ मध्ये नव्या निरीक्षकाने उपसा थांबवा असं कळवलं आणि ८ जानेवारी १९०२ रोजी परवाना रद्द झाला. तोवर सुमारे साडेसहा लाख टन माल गेला होता. १९०२ मध्ये पुळण थोडी सावरली, १९०३ मध्ये पुन्हा खचली. नव्या भिंती बांधल्या, पण भिंत गोट्यांचं काम करत नाही. पुढचा उतार गेल्यावर लाट आधी फुटत नाही, पूर्ण जोराने भिंतीवरच आदळते आणि परतताना पायथा खोदत नेते.

एरवीच्या नैऋत्य वाऱ्यांना स्टार्ट पॉइंट आडवा येतो. पूर्वेचा वारा मात्र सरळ दारात. २३ जानेवारी १९१७ ला अमावास्या होती. तीन दिवसांनी, उधाणाची भरती आणि पूर्वेचं वादळ एकत्र आलं. घळींतला भराव वाहून गेला, जमिनी खालून पोकळ झाल्या आणि घरं बसत गेली. मध्यरात्रीपर्यंत ४ घरं पुरती गेली. दुसऱ्या भरतीने उरलेल्यांपैकी बहुतेक पाडली. माणसं कड्यावर चढली होती, म्हणून एकही जीव गेला नाही. अखेर राहण्याजोगं एकच घर उरलं.

नुकसानभरपाईसाठी ७ वर्षं झगडावं लागलं, हे वाचताना आजही संताप येतो. त्या उरलेल्या घरात एलिझाबेथ प्रेटीजॉन १९६४ मध्ये मरेपर्यंत कोंबड्या पाळत राहिल्या. ते घर अजून उभं आहे. २०१२ मध्ये दरड कोसळली आणि अवशेषांकडे जाणारी वाटही खचली. याच उपसागरात उत्तरेला, स्लॅप्टनच्या गोट्यांच्या बांधावरून जाणारा रस्ता जानेवारी २००१ आणि मार्च २०१८ मध्ये तुटला. २०१८ मध्येही वारा पूर्वेचाच होता.