साखर, सक्करे आणि शुगर

बेळगावच्या बाजारात मराठी गिऱ्हाईक साखर मागतंय आणि कन्नड गिऱ्हाईक सक्करे, ऐकायला जवळजवळ सारखंच. गूळ घ्यायचा असला की मात्र आपला गूळ आणि त्यांचं बेल्ल, काही संबंधच नाही. गूळ संस्कृत गुडवरनं आला, बेल्ल द्राविडी, पण साखर आणि सक्करे दोघी शर्करेच्या लेकी आणि इंग्रजीतली शुगरसुद्धा तिचीच.

शर्करा म्हणजे मुळात खडे, रेती. सुश्रुतानं मुतखड्याच्या बारीक कणांनाही शर्कराच म्हटलंय! म्हणजे नाव चवीवरनं नाही, दाण्यावरनं पडलं, आणि मला हे फार मोलाचं वाटतं कारण दाणा पाडणं हीच खरी अवघड विद्या.

उसाचा रस आटवत गेलं की त्यातलं सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखरच, इतकं दाट होतं की उरलेल्या पाण्यात मावत नाही, मग त्याचे रेणू ओळीनं एकमेकाला लागून बसतात आणि स्फटिक वाढत जातो. पण रसात ग्लुकोज-फ्रुक्टोज या साध्या साखरा जास्त झाल्या तर ते मधे येतात, दाणा नीट धरत नाही. ऊस तोडून तसाच पडून राहिला की सुक्रोज फुटून हेच दोन तयार होतात, म्हणून तर साखर उतारा, म्हणजे उसातनं निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, घटतो, चिकोडी-अथणीकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. गुऱ्हाळात काहिलीतला पाक घोटून सगळ्यासकट ढेप पाडतात, कारखान्यात दाणा वाढवून मशीनमध्ये गरगर फिरवून मळी बाजूला काढतात.

शब्द इथनं फारसीत शकर झाला, अरबीत सुक्कर, मग इटालियन, फ्रेंच करत इंग्रजीत. तिथं स्पेलिंग एसनं आणि उच्चार श, पण हा श शर्करेतला नव्हे हं, स्युचा शु झाला, शुअरमध्ये झाला तसाच. कँडी आली खंडवरनं. ग्रीक साखारॉनवरनं सॅकरिन, 1879 साली सापडलेलं, गोड आहे पण साखर नाहीच.

आणि गुळाला इंग्रजीत जॅगरी म्हणतात तो शब्दही पोर्तुगीजांनी आपल्या दक्षिणेतनं उचललेला, तोही शर्करेचाच! केमिस्ट्रीनंही ते बरोबरच आहे, गुळात बहुतेक सुक्रोजच असतं आणि पोटात गेल्यावर ते फुटून ग्लुकोज होतंच. डॉक्टर शुगर वाढली म्हणतात ती हीच, रक्तातली ग्लुकोज, त्यामुळं शुगर असलेल्या माणसानं साखर सोडून चहात गूळ घातला तरी ती वाढायची ती वाढतेच.