म्हाताऱ्या मांजराची खाज आणि सारखं चाटणं

साधारण १० वर्षांपुढचं मांजर अंगाची एकच जागा इतकी चाटतं, चावतं किंवा खाजवतं की तिथले केस तुटून चट्टा पडतो, कधी कातडी लाल होऊन खपल्या धरतात, त्याला इथे म्हाताऱ्या मांजराची खाज म्हटलंय. हे आजाराचं नाव नव्हे, लक्षण आहे, मागे पिसूपासून थायरॉईडपर्यंत काहीही निघू शकतं आणि बऱ्याचदा एका वेळी दोन-दोन कारणं निघतात.

सोलापुरात मात्र याला निदान एकच, उष्णता झालीय. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, माणसाला उष्णता होते तर मांजराला का नाही होणार, मग ताक ठेवा, दही ठेवा, सब्जा भिजवा, आणि मांजर त्या वाटीकडे बघतही नाही. शहरात मराठीत मांजर, तेलुगूत पिल्ली, कन्नडमध्ये बेक्कु, पण उष्णतेचं निदान तिन्ही भाषांत सारखंच.

मुळात चाटणं मांजराचं रोजचं काम आहे. जागं असतं त्यातला साधारण पाव वेळ त्यातच जातो. जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात, आपली नखं ज्या केराटिनची त्याचेच, आणि त्यांची टोकं पन्हळीसारखी पोकळ असतात त्यामुळे थुंकी थेट केसांच्या मुळाशी पोचते. आता गंमत अशी की म्हातारपणी हे चाटणं कमी व्हायला पाहिजे. १३ वर्षांचं मांजर म्हणजे माणसाच्या हिशोबात ६८ च्या आसपास, कंबर आखडलेली, पाठीपर्यंत मान वळत नाही, म्हणून शेपटीच्या वर केसांच्या जटा होतात. अशा वयात ते अचानक जास्त चाटायला लागलं तर "वय झालं आता" म्हणून सोडून देण्यासारखं ते नसतं.

आणखी एक घोळ म्हणजे मांजर बऱ्याचदा आपल्यासमोर चाटतच नाही, माळ्यावर नाहीतर पलंगाखाली जाऊन चाटतं, त्यामुळे घरातले शपथेवर सांगतात की केस आपोआप गळतायत. ओळखायची युक्ती सोपी आहे, चट्ट्यावरून उलट्या दिशेने बोट फिरवायचं. दाढीच्या खुंटासारखं टोचलं तर केस जिभेने तुटलेत. डॉक्टर तेच चार केस सूक्ष्मदर्शकाखाली धरून बघतात, टोक निमुळतं असेल तर केस आपणहून गळालाय, तुटकं असेल तर चाटून गेलाय. ओकारीत केसांचे गोळे वाढले असतील तर तोही पुरावाच.

पिसवा

कुठल्याही वयाच्या मांजरात पहिला संशय पिसूवर घ्यायचा. ज्या मांजराला पिसूच्या थुंकीची ॲलर्जी असते त्याला एक-दोन चावेही पुरतात, आणि ते इतकं चाटतं की पिसू गिळूनच टाकतं, म्हणून "आमच्याकडे एकही पिसू नाही" हे मालकाचं म्हणणं खरंही असतं आणि उपयोगाचंही नसतं. बारीक दातांच्या फणीने कंबरेवरचे केस विंचरायचे, जे काळे कण पडतील ते ओल्या पांढऱ्या कापसावर घ्यायचे, तांबूस डाग पसरला तर ती पिसूची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखं काही चिकटलेलं दिसलं तर ते टेपवर्मचे, म्हणजे पोटातल्या चपट्या जंताचे तुकडे, गिळलेल्या पिसवांतूनच पोटात आलेले.

अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे सगळ्या गोतावळ्यातला थोडासा भाग, बाकी अंडी, अळ्या आणि कोष घरात असतात. सोलापुरी घरात त्यांची आवडती जागा म्हणजे शहाबादी फरशीच्या फटी, आणि शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, घरातच माग असेल तर मागाखाली साठलेला सुताचा भुगा. मांजर ज्या चादरीवर झोपतं तिच्या घडीतही अंडी पडतात. आपलं ऊन इथे कामाला येतं, चादर गरम पाण्यात धुऊन दुपारी गच्चीवर टाकली की अळ्या वाचत नाहीत, त्यांना ओल आणि सावली लागते. पण कोषातल्या पिसवा चिवट, महिनोन्महिने तशाच पडून राहतात आणि पावलांचा हादरा, अंगाची ऊब जाणवली की बाहेर येतात, म्हणून सुट्टीला गावाला जाऊन आलेल्या माणसाच्या पायावर कुलूप उघडल्या उघडल्या पिसवा चढतात. पहिल्या पावसानंतर तर विचारूच नका. औषध घरातल्या सगळ्या जनावरांना एकदम द्यावं लागतं आणि निदान तीन महिने चालू ठेवावं लागतं, एका डोसवर काही होत नाही.

इथे एक गोष्ट मोठ्याने सांगायला पाहिजे. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजराला विष आहे, थरथर, झटके येऊन मांजर मरतं. म्हशीच्या गोचिडांचं उरलेलं औषध, रॉकेल, फिनेल, तंबाखूचं पाणी, यातलं काहीही मांजराला लावायचं नाही, कारण जे अंगावर लागतं ते चाटून पोटात जातं आणि मांजराचं यकृत यातली बरीच रसायनं निपटू शकत नाही. ज्या घरात विड्या वळल्या जातात तिथे तंबाखूच्या सुपात मांजर झोपू देऊ नये, आणि सुपाएवढी ऊबदार जागा मांजराला दुसरी सापडत नाही ही अडचण आहेच.

चाटतं कुठे ते बघा

कंबर आणि शेपटीचं मूळ म्हणजे बहुतेक पिसू. डोकं, मान, कान यांना खाज असेल तर कानातले किडे (कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ निघतो), खरूज, नाहीतर खाण्याची ॲलर्जी. नाकाच्या दांडीवर आणि कानांवर पुळ्या असतील तर डास. गोल, खवलेदार टक्कल दिसलं तर गजकर्ण समजून आधी घरातल्या पोरांचे हात बघा, ते माणसालाही लागतं. एखाद्याच सांध्यावर, गुडघ्यावर किंवा कोपरावर चाटत असेल तर आत दुखतंय. १२ वर्षांवरच्या बहुतेक मांजरांच्या एक्स-रेत सांध्यांची झीज दिसते, फक्त मांजर लंगडत नाही, ते कट्ट्यावर उडी मारायचं बंद करतं आणि आपण म्हणतो शहाणं झालं.

पांढऱ्या कानांच्या मांजराचं सोलापुरात वेगळंच आहे. वर्षानुवर्षं पत्र्यावर उन्हात पडून कानाच्या कडेला खपली धरते, मांजर ती खाजवतं, थोडं रक्त येतं, पुन्हा खपली. महिना झाला तरी भरत नसेल तर तो कातडीचा कॅन्सर असू शकतो, लवकर दाखवलं तर कानाची कड कापून काम भागतं.

पोट आणि मांड्यांची आतली बाजू हा सगळ्यात फसवा भाग. ॲलर्जीतही तिथेच चाटतात आणि मूत्राशय दुखत असेल तरीही तिथेच. आमच्या १३ वर्षांच्या बोक्याचं पोट सोललेल्या कोंबडीसारखं झालं होतं, तेव्हा आम्हीही उष्णताच म्हणत होतो. मग एकदा पाणी यायच्या दिवशी पहाटे नळ भरायला उठलो तर हा मोरीच्या कठड्याशी बसलेला, दोन थेंब, उठला, पोट चाटलं, परत बसला, दोन थेंब. लघवी तपासली तर इन्फेक्शन. तरण्या मांजरात हे क्वचित, म्हातारपणी किडनी आणि साखरेच्या त्रासासोबत वाढतं. (बोका बसतोय पण लघवी अजिबात येत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, नळी तुंबली असेल तर दोन-तीन दिवसांत जीव जातो.)

आतली कारणं

थायरॉईड जास्त चालणं हा १० वर्षांवरच्या मांजरांचा ओळखीचा आजार. मांजर खा-खा करतं तरी वाळत जातं, रात्री ओरडतं, केस विस्कटलेले, आणि काही मांजरं केस उपटायला लागतात. रक्तातल्या टी-४ च्या, म्हणजे थायरॉईडच्या हार्मोनच्या तपासणीत बहुतेक वेळा कळतं. डायबेटिस किंवा दुसऱ्या आजाराने प्रतिकारशक्ती पडली की कातडीतले डेमोडेक्स किडे वाढतात. क्वचित पोटावरचे केस झटकन जाऊन कातडी काचेसारखी चमकायला लागते, ही पोटातल्या गाठीची, बहुतेक वेळा स्वादुपिंडाच्या, खूण असते.

आणि मनाचं कारण? टेन्शनने मांजर चाटतं हे खरं आहे, घर बदललं, जोडीचं मांजर गेलं, होम मैदानावर गड्ड्याचं, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचं दारूकाम सुरू झालं की काही मांजरं चाटत बसतात. पण २००६ मधल्या एका अभ्यासात "मानसिक" म्हणून पाठवलेली २१ मांजरं नीट तपासली तर १६ जणांत शरीराचंच कारण निघालं, निव्वळ मानसिक फक्त दोन. त्यामुळे हे निदान सगळ्यात शेवटी.

उपचारात आपल्याकडे घाई होते ती इंजेक्शनची. लांब टिकणारं स्टेरॉईड दिलं की तीन-चार आठवडे खाज गायब, सगळे खूश, मग परत तेच. म्हाताऱ्या मांजरात वारंवार दिलं तर डायबेटिस होऊ शकतो, म्हणून आधी साखर आणि किडनी तपासून घ्यावी. खाण्याची ॲलर्जी शोधायला आठ आठवडे आधी कधीच न खाल्लेलं एकच मांस द्यावं लागतं, बाकी दूध-भाकरीसुद्धा बंद. वाड्यात हे जवळपास अशक्य. आपण पथ्य पाळतो आणि समोरच्या मावशी दारात सुकट टाकतात, वर विचारतात, एवढ्याशा सुकटीने काय होतंय बे?