वाजलं काय, टीए की आरए?
विमानानं उड्डाण केलं, कॉकपिटमध्ये धडकेचा इशारा वाजला आणि पायलटनं प्रसंगावधान राखलं, अशी बातमी अधूनमधून येते. ती वाचताना मला पहिला प्रश्न पडतो तो हा: वाजलं काय, टीए की आरए? बातमीत दोन्हींना ‘अलर्ट’च म्हणतात. दोन्ही एकाच यंत्रातून, धडक टाळण्यासाठी विमानात बसवलेल्या टीकॅसमधून, येतात आणि आवाजही एकच असतो. पण एक वाजल्यावर जे करायला मनाई, तेच दुसरं वाजल्यावर लगेच करावं लागतं.

टीकॅस आजूबाजूच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरला, म्हणजे हाकेला आपोआप उत्तर देणाऱ्या रेडिओ यंत्राला, सतत हाका मारतं. उत्तर यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं, उत्तरातच उंची असते. मग ते हिशेब मांडतं, मैलांपेक्षा सेकंदांचा: दोघं असेच जात राहिले तर किती सेकंदांत गाठ पडेल?

टीए म्हणजे ट्रॅफिक अ‍ॅडव्हायझरी. ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा आवाज येतो आणि पडद्यावर त्या दुसऱ्या विमानाच्या जागी पिवळसर गोल दिसतो. शाळेच्या कवायतीतलं ‘सावधान’ आठवा. अंग ताठ, कान टवकारलेले, पण पाय जागेवरून हलवायचा नाही. पायलटनं हात कंट्रोलवर न्यावा, बाहेर नजर टाकावी, तयार राहावं. पडद्यावरचा गोल उजवीकडे दिसतो म्हणून डावीकडे वळू नये, कारण टीकॅसला दिशा ढोबळच कळते. वळून आपण नेमके त्याच्याच वाटेत जाऊ शकतो.

आरए म्हणजे रेझोल्यूशन अ‍ॅडव्हायझरी. इथं लाल चौकोन येतो आणि थेट हुकूम होतो: ‘क्लाइंब, क्लाइंब’ (वर जा) किंवा ‘डिसेंड, डिसेंड’ (खाली जा). हुकूम फक्त वर-खाली जाण्याचा, कारण दिशेवर यंत्राचा स्वतःचाच भरवसा नाही. बहुतेक विमानांत पायलट ऑटोपायलट काढतो, पाच सेकंदांच्या आत विमान हलवतो आणि चढ-उताराचा वेग दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात ठेवतो. एटीसीला, म्हणजे जमिनीवरच्या हवाई नियंत्रकाला, एवढंच सांगायचं: ‘टीकॅस आरए’. ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ (धोका टळला) ऐकू येईपर्यंत एटीसीनं उलट सांगितलं तरी यंत्राचंच ऐकायचं. कारण समोरच्या विमानातही टीकॅस असेल तर दोन्ही यंत्रांनी आपसांत ठरवलेलं असतं, तू वर, मी खाली. एकानं शब्द मोडला की दोघं पुन्हा एकाच पातळीवर येतात.

३१ जानेवारी २००१ ला जपानमध्ये तसंच झालं. टोकियोच्या हानेडाहून निघून वीसेक मिनिटं झालेलं जपान एअरलाइन्सचं ९०७ आणि त्याच कंपनीचं ९५८ समोरासमोर येत होते. शिकाऊ नियंत्रकानं नंबराची गल्लत करून ९५८ ऐवजी ९०७ ला खाली यायला सांगितलं. ९०७ च्या टीकॅसनं वर जायला सांगितलं, पण पायलटनं नियंत्रकाचं ऐकलं. ९५८ नं टीकॅसचं ऐकलं, आणि टीकॅसनं त्यालाही खालीच धाडलं होतं. शेवटच्या क्षणी डोळ्यांनी बघून धडक टळली, पण ९०७ मधले सुमारे शंभर जण जखमी झाले. पुढच्याच वर्षी १ जुलैला जर्मनीतल्या उबरलिंगेनवर असाच पेच पडला. त्या वेळी धडक टळली नाही. ७१ माणसं गेली.

उड्डाणानंतरच्या पहिल्या मिनिटाचं गणित मात्र वेगळं आहे. चढताना साधारण ११०० फुटांपर्यंत टीकॅस आरए देतच नाही. जमिनीजवळ ‘डिसेंड’ म्हणणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. शिवाय विमानतळाजवळ विमानं जवळजवळ असणारच, दर वेळी हुकूम सुटला तर कुणी धड उतरू शकणार नाही. उरतो टीए, आणि अगदी खाली तोही मुका, नुसता पडद्यावर. वर गेल्यावरही सवड थोडीच. अडीच हजार फुटांखाली टीए ते आरए हे अंतर जेमतेम दहा सेकंदांचं, त्यात चाकं, फ्लॅप, रेडिओ सगळं चालू. उतरतानाही अशीच मर्यादा असते, साधारण ९०० फुटांची. २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये उतरणारं प्रवासी विमान लष्करी हेलिकॉप्टरला धडकलं, ६७ जण गेले. वीसेक सेकंद आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ वाजलं होतं. आरए वाजला नाही, कारण त्या उंचीवर तो वाजतच नाही.

चढताना वाजणाऱ्या आरएंमधला एक प्रकार कुणाची चूक नसतानाही येतो. आपल्याला ५००० फुटांची परवानगी आहे, वर ६००० वर दुसरं विमान आहे, आणि आपण मिनिटाला अडीच हजार फुटांनी चढतोय. आपण ५००० ला थांबणार हे टीकॅसला कुठून कळणार? ते म्हणतं, ‘लेव्हल ऑफ’, म्हणजे चढणं थांबवून सरळ चाल. पूर्वी इथं ‘अ‍ॅडजस्ट व्हर्टिकल स्पीड’ (चढ-उताराचा वेग जुळवा) असं मोघम वाक्य होतं. काही पायलटांनी वेग कमी करायच्या ऐवजी वाढवला, म्हणून टीकॅसच्या ७.१ आवृत्तीत शब्दच बदलले. माझ्या मते त्या यंत्रातली ही सर्वांत शहाणी दुरुस्ती. हा आरए मुळात वाजूच नये म्हणून ठरलेल्या उंचीआधीच्या शेवटच्या हजार फुटांत चढण्याचा वेग मिनिटाला १५०० फुटांच्या आत आणायला सांगतात.

आणि उड्डाणानंतर एक इंजिन बंद पडलं तर पायलट स्वतःच टीकॅसचा खटका ‘टीए ओन्ली’वर (फक्त टीए, आरए नाही) नेतात. एका इंजिनावर ‘क्लाइंब’ हुकूम पाळायची ताकदच नसते. समोरच्याचं टीकॅस मग या विमानाशी काही ठरवत नाही, याच्याकडे टीकॅसच नाही असं धरून चालतं. बाजूला व्हायचं काम एकट्या त्याच्यावर येतं.