समुद्री एंजलची जोडी: प्रवाळाच्या टाकीत ती आली कशी

कोकणातल्या दुकानात ‘एंजल’ मागितला की हातात पडतो गोड्या पाण्यातला चपटा, उभट मासा. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. समुद्री एंजलशी त्याचं नावापुरतंच नातं. खरा समुद्री एंजल मालवणच्या खडकांत बुडी मारणाऱ्यांना दिसतो: तपकिरी अंगावर निळ्या कमानी आणि पांढरी शेपटी. देखणा आहे, पण प्रवाळाच्या टाकीत नको. त्याचं पोट स्पंज आणि खडकाला चिकटलेल्या जिवांवर चालतं, त्यामुळे टाकीतलं मांसल प्रवाळ दिसलं की तो टोचायला लागतो.

‘प्रवाळाला निर्धोक’ ही वर्गवारी मात्र तशी अलीकडची. पूर्वी खाऱ्या टाकीत ब्लीच करून पांढरे केलेले प्रवाळाचे सांगाडे मांडत. मासा आजारी पडला की तांब्याचं औषध सरळ टाकीत ओतत. त्याने मरेल असं दुसरं काही आत नसायचंच. 1961 मध्ये इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक (जीवाणू आणि बारीक जीव वसलेला समुद्री खडक) आणि हवेचे बुडबुडे एवढ्या सामानावर प्रवाळ जगवण्याची रीत छापून मांडली. 1980 च्या दशकात जिवंत खडक, प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातला मळ काढणारं यंत्र) आणि प्रखर दिवे यांची बर्लिन पद्धत रुळली. टाकीत प्रवाळ आलं आणि प्रत्येक माशाच्या तोंडाकडे संशयाने पाहणंही आलं. एंजलांपैकी जवळजवळ निर्धास्तपणे सोडावा असा वंश एकच उरला, जेनिकँथस.

निसर्गशास्त्रज्ञ स्वेन्सन यांनी 1839 मध्ये या वंशाला नाव दिलं. आज त्यात दहा जाती मानतात. हे मासे खडक सोडून वरच्या पाण्यात पोहतात आणि वाहून येणारे सूक्ष्म प्राणी टिपतात. म्हणूनच ते प्रवाळाच्या वाटेला सहसा जात नाहीत.

घोळ झाला तो नर-मादीचा. दोघांचे रंग इतके वेगळे की काही जातींत त्यांना निरनिराळी नावं मिळाली होती. काळ्या ठिपक्याच्या मेलॅनोस्पायलॉसची मादी वरून पिवळसर आणि खालून फिकट निळी, तर नराच्या अंगावर उभे पट्टे. 1975 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ जॉन रँडल यांनी सगळा वंश नव्याने तपासला आणि तीन नव्या जाती नोंदवल्या. पुढच्याच वर्षी शेन आणि ल्यू यांचा तैवानमधला अभ्यास आला, लिंगबदलावरचा. 1979 मध्ये जपानच्या तोकाई विद्यापीठातल्या संशोधकांनी लमार्क आणि सेमिफॅसिएटस या दोन जातींचं टाकीतलं अंडी घालणं आणि मादीचा नर होणं तपशिलात मांडलं.

आज घरी जोडी जमवण्याची रीत याच शोधावर उभी आहे. दोन माद्या घ्यायच्या, एक स्पष्ट मोठी, एक लहान. मोठीचा काही आठवड्यांत नर होतो. लमार्कमध्ये पोटाखालचे पर काळे पडू लागले की काम सुरू झालं म्हणायचं. तयार नर घेतला तर मादी त्याच्यापेक्षा लहानच हवी आणि ती टाकीत आधी सोडावी. दोन नर एकत्र ठेवले तर एक कोपऱ्यात कोंडला जातो आणि खाणं सोडतो.

लमार्क 23 सेंटिमीटरपर्यंत वाढतो, याच वंशातली वातानाबे ही जात 15 पर्यंत. पाच फूट लांब आणि दोन फूट रुंद-उंच टाकी, म्हणजे ढोबळ 560 लिटर, वातानाबेच्या जोडीला पुरते. लमार्कला याहून मोठी द्यावी. वर जाळी हवीच, हे मासे उडी मारतात. खाणं दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. एकदाच भरपूर घातलं तर पाणी बिघडतं आणि मासा तरी बारीकच राहतो. बेलससारख्या खोल पाण्यातल्या जाती घाईने वर आणल्या तर वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, फुगतो. डोकं खाली, शेपटी वर अशा धडपडीत पोहणारा मासा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

कोकणात त्यापुढे कायदा येतो. 1987 पासून मालवणला सागरी अभयारण्य आहे. 2001 मध्ये सगळी कठीण प्रवाळं आणि समुद्रपंखे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत गेले. किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा प्रवाळ लागलेला खडक उचलून टाकीत घालणं हा गुन्हा. खडक कृत्रिमच वापरा.

पाणी दाराशी असलं तरी पावसाळ्यात ते कामाचं नसतं. खाडीच्या गोड्या पाण्याने खारटपणा उतरतो, गाळ येतो, आणि नारळी पौर्णिमेनंतरही दर्या निवळायला वेळ लागतो. त्या महिन्यांत आरओ पाणी आणि कृत्रिम मीठ: पन्नास लिटरच्या बदलाला सुमारे 1.8 किलो, रात्रभर पंपाने ढवळून, सापेक्ष घनता 1.025 भरेपर्यंत. विहिरीचं पाणी गोड लागतं म्हणून थेट वापरू नये. जांभ्यातलं लोह टाकीत उतरू शकतं.

उन्हाळ्यात पाणी 25-26 अंशांवर ठेवायला पंख्याचा उपाय पुण्यात चालतो, तितका इथे चालत नाही. दमट हवेत बाष्पीभवनच कमी, म्हणून चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लागतो. वीज गेली की आधी प्राणवायू घटतो, पाणी तापायला नंतर वेळ लागतो. त्यामुळे बॅटरीवरचा एअर पंप चिलरच्या आधी घ्यावा.